'येणे' या चिनी अक्षरातला गहू

प्रश्न : मी वर्षभरापासून चिनी भाषा शिकत आहे. 'येणे' या अर्थाचे 'लाय' हे अक्षर शिकवताना आमच्या शिक्षिकांनी सांगितले, की जुन्या पद्धतीच्या लेखनात त्याच्या मध्यभागी एक झाड आणि दोन्ही बाजूंना दोन माणसे दिसतात. माणसे झाडाखाली येतात, म्हणून 'येणे'. माझ्या मोबाइलमधला शब्दकोश मात्र म्हणतो, की हे मुळात गव्हाच्या रोपाचे चित्र आहे. सध्याचे सोपे रूप पाहिले, तर मला 'तांदूळ' या अक्षराच्या डोक्यावर एक आडवी रेघ दिल्यासारखे वाटते. या तिन्हींपैकी खरे काय? आणि गहू खरा असेल, तर गव्हाचा येण्याशी संबंध काय?

उत्तर : आपल्या शब्दकोशाचे म्हणणे बरोबर आहे, हे अक्षर गव्हाच्या रोपाचे चित्र आहे. झाडाखालची माणसे आणि तांदूळ या दोन्ही कल्पना पाठांतराला सोयीच्या असल्या, तरी अक्षराच्या जन्माशी त्यांचे नाते नाही. गव्हाचा येण्याशी अर्थाच्या अंगाने संबंध लावण्याचा प्रयत्न गेली दोन हजार वर्षे होत आला आहे, आणि माझ्या मते तो लावण्याची गरजच नाही. संबंध आहे तो उच्चाराचा. हे नीट समजले, की चिनी लिपीविषयी आपल्याकडे रूढ असलेला एक मोठा गैरसमजही दूर होतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

प्रथम अक्षराची ठेवण पाहू. आज चीनमध्ये लिहिले जाणारे रूप सात रेघांचे आहे. आधी एक आडवी रेघ, तिच्याखाली डावा आणि उजवा असे दोन तिरपे ठिपके, मग दुसरी अधिक लांब आडवी रेघ, नंतर वरून खालपर्यंत उतरणारी उभी रेघ, आणि शेवटी तिच्यापासून डावीकडे व उजवीकडे सुटणारे दोन फाटे, असा त्यांचा क्रम आहे. वरची आडवी रेघ बोटाने झाकली, तर उरलेला भाग 'तांदूळ' या अक्षरासारखा दिसतो, हे आपले निरीक्षण अचूक आहे. तैवान आणि हाँगकाँग येथे चालणाऱ्या जुन्या रूपात आठ रेघा असतात. त्यात ठिपक्यांच्या जागी 'माणूस' या अर्थाचे दोन रेघांचे अक्षर डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा येते, आणि बाकीच्या चार रेघांचे मिळून 'झाड' हे अक्षर होते. आपल्या शिक्षिकांनी जे पाहिले, ते पानावर खरोखरच आहे. सन 1716 मध्ये पूर्ण झालेल्या कांगशी शब्दकोशातही हे अक्षर 'माणूस' या वर्गचिन्हाखालीच घातलेले आहे. पण ती व्यवस्था अक्षर कोशात कोठे शोधावे एवढ्यापुरती आहे. अक्षर कसे घडले, हे सांगण्यासाठी ती केलेली नाही.

या माणसांच्या जागी मुळात पाने होती. शांग राजवटीच्या काळातले, म्हणजे आजपासून सुमारे 3,200 वर्षांपूर्वीचे रूप समोर ठेवले, की हे लगेच दिसते. मध्ये एक सरळ उभा दांडा, त्याच्या वरच्या टोकाला ओंबी, दांड्याच्या दोन्ही अंगांना थोडी बाहेर जाऊन मग खाली वाकलेली पाने, आणि तळाशी मुळांचे फाटे. त्याच काळात 'धान्याचे रोप' अशा सर्वसाधारण अर्थाचे आणखी एक अक्षर होते, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. त्या दुसऱ्या अक्षरात शेंडा एका बाजूला झुकलेला असतो, कारण उत्तर चीनचे मूळ धान्य राळा आणि वरीच्या जातीचे होते, आणि राळ्याचे कणीस दाण्यांच्या भाराने वाकते. गव्हाची ओंबी ताठ राहते. एवढा एक फरक, पण रेखाटणाऱ्याने तो नेमका टिपला आहे. पुढे कोरण्याऐवजी कुंचल्याने लिहिण्याची रीत पडली, गोलाई जाऊन सरळ फटकारे आले, आणि वाकलेली पाने कालांतराने 'माणूस' या अक्षरासारखी दिसू लागली.

हे जुने रूप आपल्यापर्यंत पोचले ते कौल लावण्याच्या हाडांमुळे. हनान प्रांतातल्या आजच्या आनयांग शहराजवळ शांग राजांची राजधानी होती. पाऊस, पीक, युद्ध, शिकार, राणीचे बाळंतपण, दातदुखी, अशा कोणत्याही गोष्टीबद्दल राजा पूर्वजांना आणि देवतांना कौल लावत असे. त्यासाठी कासवाच्या पोटाकडचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे हाड घेऊन त्याच्या मागच्या बाजूला खळगे कोरत आणि तेथे चटका देत. पुढच्या बाजूला तडे जात, आणि त्या तड्यांवरून उत्तर वाचले जाई. मग विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. 'कौल लावणे' या अर्थाचे चिनी अक्षर 'पू' हे त्या तड्याचेच चित्र आहे: एक उभी रेघ आणि तिला फुटलेला एक लहान फाटा.

ही हाडे जमिनीत गेली आणि तीन हजार वर्षे विसरली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औषधांच्या दुकानांत ती 'ड्रॅगनची हाडे' म्हणून कुटून विकली जात होती. सन 1899 मध्ये पेकिंगमधले विद्वान अधिकारी वांग यीरोंग यांच्या लक्षात आले, की त्यांच्यावरचे ओरखडे ही प्राचीन लिपी आहे. 1903 मध्ये लिऊ अ यांनी अशा हाडांच्या शाईच्या ठशांचा पहिला संग्रह छापला, आणि 1928 पासून आनयांगला शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले. आजवर सुमारे दीड लाख तुकडे सापडले आहेत. त्यांवर साधारण साडेचार हजार वेगवेगळी चिन्हे आहेत, आणि त्यांतली जेमतेम एक तृतीयांश खात्रीने वाचता येतात. आपले गव्हाचे अक्षर सुदैवाने या वाचता येणाऱ्यांत आहे, आणि ते वारंवार येते.

मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या हाडांवर ते बहुतेक ठिकाणी 'येणे' याच अर्थाने येते. म्हणजे आपल्याला उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या लेखनातच गव्हाचे चित्र काढून 'येणे' असे वाचले जात होते. असे का व्हावे?

एक उदाहरण आपल्याच भाषेतले घेऊ. समजा, मराठीला अजून लिपी नाही आणि आपण चित्रे काढून लिहितो आहोत. फुलांचा हार दाखवायचा, तर हाराचे चित्र काढू. पण 'लढाईत हार झाली' हे कसे लिहिणार? पराभवाला आकार नाही. अशा वेळी कोणी तरी फुलांच्या हाराचेच चित्र काढील आणि वाचणारा ते संदर्भाने 'पराभव' असे समजेल. फुले आणि पराभव यांचा काही संबंध आहे म्हणून हे घडणार नाही. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, म्हणून घडेल. चिनी लिपीत नेमके हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. चिनी परंपरेत या पद्धतीला 'उसने घेणे' अशा अर्थाचे नावही आहे, आणि अक्षरे घडण्याच्या ज्या सहा रीती तेथे सांगितल्या जातात, त्यांत तिची गणना होते. 'येणे' या क्रियेचे चित्र काढणे अवघड होते. त्या शब्दाच्या उच्चाराच्या जवळ जाणारे एक धान्याचे नाव होते, आणि त्याचे चित्र तयार होते. ते उसने घेतले गेले.

ही उसनवारी किती सर्रास होती, हे एका प्रसिद्ध हाडावर दिसते. साठ दिवसांच्या चक्रातल्या 40व्या दिवशी लावलेला कौल त्यावर कोरला आहे. त्याचा आशय असा: आज पाऊस. तो पश्चिमेकडून येईल का? पूर्वेकडून येईल का? उत्तरेकडून येईल का? दक्षिणेकडून येईल का? आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाने एकेका दिशेचे नाव घेऊन विचारलेले हे चार प्रश्न आहेत, आणि त्यांची लय इतकी साधी आहे, की आज चिनी शिकणाऱ्याला अक्षरांची आधुनिक रूपे दिली, तर तोही ते जवळजवळ तसेच्या तसे वाचू शकतो. मला प्राचीन चिनी लेखनातली ही सर्वांत जिवंत ओळ वाटते.

त्यातला पूर्वेचा प्रश्न घ्या. तो पाच अक्षरांचा आहे. आजच्या उच्चारात तो 'छी, त्स, तुंग, लाय, यू' असा होईल. शांग काळातला उच्चार अर्थातच निराळा होता. आता ही अक्षरे वाचण्याऐवजी चित्रे म्हणून पाहा. पहिले आहे सूप, धान्य पाखडायचे. दुसरे आहे नाक, दोन नाकपुड्यांसह. तिसरी आहे दोन्ही टोकांना बांधलेली गोणी. चौथा आपला गहू. आणि पाचवा आकाशातून थेंब गळणारा पाऊस. सूप, नाक, गोणी, गहू, पाऊस. अर्थ मात्र आहे, 'पूर्वेकडून येईल का पाऊस?' सुपाचा उपयोग 'असेल का, होईल का' अशा शंकेच्या शब्दासाठी केला आहे, नाकाचा 'पासून, कडून' यासाठी, गोणीचा 'पूर्व' यासाठी आणि गव्हाचा 'येणे' यासाठी. नाकाच्या बाबतीत 'नाक, स्वतः, स्वतःपासून' अशी अर्थाची साखळीही काही अभ्यासक मांडतात, आणि ती अशक्य नाही. पण सूप, गोणी आणि गहू यांना अशी साखळी लावता येत नाही. पाच चित्रांपैकी जे दिसते तोच अर्थ आहे, असे चित्र एकच आहे, ते म्हणजे पाऊस. चिनी लिपी ही चित्रलिपी आहे आणि चित्र ओळखले की अर्थ कळतो, असे मानणाऱ्याने ही पाच अक्षरे एकदा स्वतःच्या हाताने कागदावर काढून पाहावीत.

आता उसनवारीत एक अडचण उभी राहते. मूळ मालकाला आपली वस्तू परत लागते. वरच्या उदाहरणात हाराचे चित्र सगळेजण 'पराभव' म्हणूनच वाचू लागले, तर फुलांचा हार लिहिताना शेजारी एखादे फूल काढावे लागेल. चिनी लिपीनेही हेच केले. सुपाच्या अक्षराला पुढे वर बांबूचे चिन्ह जोडले गेले, आणि ते नवे अक्षर 'सूप' झाले. नाकाच्या खाली उच्चार सुचवणारा एक घटक आला, आणि ते 'नाक' झाले. 'उत्तर' हे अक्षर मुळात एकमेकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या दोन माणसांचे आहे. ते दिशेसाठी वापरले जाऊ लागल्यावर त्याखाली शरीराचे चिन्ह घालून 'पाठ' वेगळी लिहिली गेली.

गव्हाचे काय झाले? आजचे 'गहू' हे अक्षर, उच्चार 'माय', पाहिले, तर जुन्या रूपात वरच्या बाजूला आपले तेच 'लाय' दिसते आणि खाली एक पाऊल असते, खालच्या दिशेने टाकलेले. येथे विचार करायला लावणारी गोष्ट आहे. प्राचीन लिपीत पावलाचे चिन्ह हालचालीच्या शब्दांना लागते: जाणे, चढणे, उतरणे, पोचणे. गव्हाला पाऊल कशाला? म्हणून बऱ्याच अभ्यासकांचे मत असे, की पावलासह असलेले अक्षर 'येणे' या अर्थासाठी घडवले होते आणि पावलाशिवायचे 'गहू' या अर्थासाठी. पुढे दोहोंची अदलाबदल झाली. 'येणे' हा शब्द पदोपदी लागतो, गहू क्वचित. तेव्हा कोरायला सोपे असलेले अक्षर जास्त लागणाऱ्या शब्दाकडे गेले, हे पटण्यासारखे आहे. दुसरे मत असे, की ते पाऊल नाहीच, ती गव्हाची लांब गेलेली मुळे आहेत. हाडांवर पावलाचे अक्षर 'गहू' म्हणूनच येते. एका तुकड्यावर वर्षाच्या पहिल्या महिन्याला 'गहू खाण्याचा' महिना म्हटले आहे. म्हणजे अदलाबदल झाली असेल, तर ती आपल्या सर्वांत जुन्या पुराव्याच्याही आधी. मला पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते, पण तो तर्क आहे, हे सांगायला हवे.

उच्चाराचा दाखला मात्र तर्कापेक्षा बळकट आहे. आजच्या पेकिंगी उच्चारात 'लाय' आणि 'माय' यांत यमकापलीकडे साम्य नाही, आणि यमकावर कोणी अक्षर उसने घेत नाही. पण उच्चार बदलत आले आहेत. कँटनच्या बोलीत गव्हाला 'माक' म्हणतात, जपानीने जुन्या काळी चिनीतून घेतलेला उच्चार 'बाकू' असा आहे. म्हणजे मूळ शब्दाच्या शेवटी 'क' होता आणि तो उत्तरेकडच्या बोलीत गळून पडला. प्राचीन चिनीचे उच्चार पुन्हा उभे करणारे भाषाशास्त्रज्ञ 'गहू' या शब्दाच्या आरंभी 'म'च्या पाठोपाठ 'र'सारखा ध्वनी मानतात, आणि 'येणे' या शब्दातही मूळचा 'र'च होता, ज्याचा पुढे 'ल' झाला, असे दाखवतात. 'येणे' या शब्दाच्याही आरंभी 'म' आणि शेवटी 'क' होता, असे काहींचे म्हणणे आहे. तपशिलात मतभेद असले, तरी दोन्ही शब्द एकेकाळी कानाला फार जवळचे होते, यावर सामान्यतः एकमत आहे.

राहिला प्रश्न अर्थाच्या अंगाने लावलेल्या संबंधांचा. त्यांतला सर्वांत जुना शू शन यांचा. त्यांनी इ. स. 100 च्या सुमारास 'श्वोवन च्येत्स' हा चिनी अक्षरांच्या व्युत्पत्तीचा पहिला मोठा कोश रचला. 9,353 अक्षरे त्यांनी 540 वर्गचिन्हांखाली लावली, आणि सन 121 मध्ये त्यांच्या मुलाने तो सम्राटाला अर्पण केला. हे अक्षर गव्हाचे चित्र आहे, हे शू शन यांना ठाऊक होते, आणि त्याचे सर्व श्रेय त्यांना दिले पाहिजे, कारण कौलाची हाडे त्यांनी पाहिलेली नव्हती. शांगनंतर आलेल्या चौ राजवटीच्या एका प्राचीन स्तोत्रात, धान्यदेव होऊची याने आम्हांला गहू आणि जव दिले, असे म्हटले आहे, आणि तेथे 'गहू' यासाठी हेच 'लाय' आले आहे. त्याच्या आधारे शू शन लिहितात, की हा चौ राजांना मिळालेला शुभ गहू होय. तो स्वर्गातून आला, म्हणून त्याचे अक्षर 'येणे' या अर्थाने वापरतात.

आधुनिक काळात याच युक्तिवादाला नवे रूप मिळाले आहे. गहू हे चीनचे मूळ पीक नव्हे. त्याची शेती पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तो चीनमध्ये इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात पोचला. तेव्हा 'बाहेरून आलेले धान्य' म्हणून त्याचे नाव आणि 'येणे' एकच, असे काहीजण सुचवतात. स्वर्गाच्या जागी पश्चिम आली, एवढाच काय तो फरक. कल्पना मोहक आहे, आणि गव्हाचा प्रवास हा इतिहासाचा भाग आहे, हेही खरे. तरीही ज्या ओळीत गोणीला 'पूर्व' म्हणताना गोणी पूर्वेकडून आली होती काय, असे आपण विचारत नाही, त्याच ओळीतल्या गव्हासाठी वेगळा न्याय लावण्याचे कारण मला दिसत नाही. शू शन यांनी 'पूर्व' या अक्षराचाही अर्थ झाडामागून उगवणारा सूर्य असा लावला होता, आणि तो आजही अनेक पाठ्यपुस्तकांत असतो. हाडे सापडली, आणि सूर्याच्या जागी गोणी निघाली.

प्रश्न : सोप्या केलेल्या लेखनात अक्षरांचे मूळ हरवते, असे ऐकतो. 'लाय'च्या बाबतीत तसे झाले आहे का? आणि अशा उगमकथा खोट्या असतील, तर त्यांच्या आधारे अक्षरे पाठ करू नयेत का?

उत्तर : 'लाय'चे सोपे रूप 1956 च्या सुधारणेने चीनमध्ये अधिकृत झाले हे खरे, पण ते तेव्हा कोणी नव्याने बनवलेले नाही. हान काळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनशैलीत तेच रूप सापडते. जपाननेही महायुद्धानंतर तेच स्वीकारले. दोन पानांचे दोन ठिपके झाले आहेत, आणि मला तर ते दोन माणसांपेक्षा गव्हाला अधिक प्रामाणिक वाटतात. 'माय' म्हणजे गहू या अक्षराचा वरचा भाग सोप्या रूपात झिजला आहे, खालचे पाऊल मात्र अजून तसेच आहे.

पाठांतरासाठी कोणतीही गोष्ट रचावी. झाडाखाली दोन माणसे येऊ द्यावीत. फक्त तिला उगम म्हणू नये, कारण त्यामुळे पुढची वाट चुकते. 'आई' या अर्थाचे 'मा' हे अक्षर घ्या. त्यात डावीकडे 'स्त्री' आणि उजवीकडे 'घोडा' आहे. गोष्ट रचणारा आई घोड्यासारखी राबते असे म्हणेल. खरे तर घोड्याचा चिनी उच्चार 'मा' आहे, आणि तो तेथे उच्चार सांगायला उभा आहे. अर्थ सांगायला 'स्त्री' आहे. चिनी अक्षरांतली फार मोठी बहुसंख्या अशी, एक बाजू अर्थाची आणि एक उच्चाराची या बेताची आहे. आपले 'लाय'ही पुढे अशा जोडणीत उच्चाराची बाजू झाले. त्यावर गवताचे चिन्ह ठेवले, की एका रानगवताचे नाव होते, आणि उच्चार 'लाय'च राहतो. मलेशिया या देशाचे चिनी नाव 'मा-लाय-शी-या' असे लिहितात. त्यात घोडा आहे, 'येणे' आहे, आणि दोहोंपैकी कशालाच अर्थ नाही. ही उच्चाराची बाजू ओळखण्याची सवय लागली, तर नवे अक्षर पाहताना निम्मे काम आधीच झालेले असते.

प्रश्न : बुद्धाला चिनी भाषेत 'रूलाय' म्हणतात, असे वाचले. त्यातला 'लाय' हाच का?

उत्तर : होय, हाच. 'रूलाय' हे 'तथागत' या शब्दाचे भाषांतर आहे; 'रू' म्हणजे 'तसा, त्याप्रमाणे' आणि 'लाय' म्हणजे 'आलेला'. जपानीत हीच दोन अक्षरे 'न्योराइ' अशी वाचतात. मूळ संस्कृत शब्दाची फोड दोन प्रकारे होते, हे मराठी वाचकाला सहज कळेल: 'तथा' आणि 'गत' म्हणजे तसा गेलेला, किंवा 'तथा' आणि 'आगत' म्हणजे तसा आलेला. संधी झाल्यावर दोन्हींचे रूप एकच दिसते, आणि ही द्व्यर्थता संस्कृत व पालीत फुकट मिळते. चिनीत 'जाणे' आणि 'येणे' यांसाठी निराळी अक्षरे आहेत, त्यामुळे भाषांतरकारांना एक बाजू निवडावी लागली, आणि त्यांनी 'आलेला' निवडला. याच धर्तीवर 'अनागत' या शब्दासाठी 'वेइलाय' रूढ झाला, म्हणजे 'अजून न आलेले'. आज तो चिनीत आणि 'मिराइ' या उच्चाराने जपानीत 'भविष्यकाळ' यासाठीचा रोजच्या वापरातला शब्द आहे.

निवडीत गमावलेली दुसरी बाजू भरून काढण्याचा एक सुंदर प्रसंग वज्रच्छेदिका सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या चिनी भाषांतरात आहे. कुमारजीव हे बौद्ध भिक्षू सन 401 मध्ये छांगआन या चिनी राजधानीत आले आणि तेथे त्यांनी अनेक सूत्रांची भाषांतरे केली, त्यांतले हे एक. त्यात म्हटले आहे, की 'रूलाय' तो, जो कोठून येत नाही आणि कोठे जातही नाही. म्हणून त्याला 'रूलाय' म्हणतात. नावातला 'लाय' आणि 'कोठून येत नाही' यातला 'लाय' चिनी वाचकाला एकच अक्षर दिसते, त्यामुळे येण्याच्या अक्षरानेच येणे नाकारले जाते, आणि राहून गेलेले जाणे शेजारीच येऊन उभे राहते. याच भाषांतराची सन 868 मध्ये लाकडी ठशांनी छापलेली एक गुंडाळी वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहेत सापडली. छपाईचे साल नोंदलेले असे ते जगातले सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक असून आज ते लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्यात हे गव्हाचे अक्षर 'रूलाय' या नावातून ओळीओळींत भेटत राहते.